मर्दानी खेळात उणे काय?

(शारीरिक शिक्षकांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संपादित पाठ)



या सत्रासाठी आपण मला दिलेला विषय प्रश्नरूप आहे. मर्दानी खेळ ही परिपूर्ण युद्धकला आहे, की तिच्यात काही न्यून आहे? विषयपत्रिकेत हा प्रश्न एका ओळीत मावला असला तरी गेली काही वर्षे आपल्या तालमींत, व्यायामशाळांत आणि उन्हाळी वर्गांत त्यावरून चांगलीच वादावादी होत आली आहे. एका बाजूला परंपरेचे अभिमानी असतात. त्यांच्या मते ज्या विद्येच्या बळावर हिंदवी स्वराज्य उभे राहिले तिला अपूर्ण म्हणणे हाच अपराध होय. दुसऱ्या बाजूला कराटे, तायक्वांदो, ज्युदो शिकून आलेली तरुण मंडळी असतात. ती म्हणतात, यात रिकाम्या हाताने लढण्याचे शिक्षण कुठे आहे? जमिनीवर पडल्यावर काय करायचे? हे नुसते फिरवणे आहे, लढणे नव्हे.

या वादात दोन्ही पक्ष आवेशाने बोलतात आणि दोघेही एकच पद्धत वापरतात, ती म्हणजे मोजदाद. एक जण आपल्याकडे किती शस्त्रे आहेत ते मोजतो, दुसरा आपल्याकडे काय नाही ते मोजतो. मला मात्र हा प्रश्न पालकांच्या तोंडून अधिक नेमका ऐकू येतो. वर्गाच्या समारोपाला आलेली आई विचारते, "माझी मुलगी हे शिकली; आता तिच्यावर प्रसंग आला तर तिला स्वतःचे रक्षण करता येईल ना?" तिला शस्त्रांची यादी नको असते. आपण तिला जे उत्तर देऊ त्यावर विश्वास ठेवून ती मुलीला रात्रीच्या शिकवणीहून एकटी येऊ देणार आहे. म्हणून आजच्या प्रश्नाला अभिमानाने किंवा चिडून नव्हे, तर जबाबदारीने उत्तर द्यायला हवे.

प्रथम ही विद्या आहे तरी काय, ते पाहू. कोल्हापूर आणि परिसरातील तालमींनी जतन केलेल्या मर्दानी खेळांत लाठी, फरी-गदगा, ढाल-तलवार, दांडपट्टा, भाला, दोरीने मनगटाला बांधून फेकण्याचा विटा, काळविटाच्या शिंगांचा माडू, जंबिया, कट्यार, बिचवा अशी कितीतरी शस्त्रे येतात. दांडपट्ट्याकडे थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्याचे पाते सुमारे चार फूट लांब, सरळ, दुधारी आणि लवचीक असते. मुठीऐवजी खोबळा असतो, त्यात हात कोपरापर्यंत जातो. त्यामुळे मनगट जखडले जाते आणि तलवारीसारखे मनगटातून वार करता येत नाहीत. सारी गती खांद्यातून, कमरेतून आणि पायांतून आणावी लागते. म्हणूनच पट्टा शिकवणारा वस्ताद महिनोन् महिने विद्यार्थ्याचे हात नव्हे, पाय तपासत असतो. पवित्रा चुकला की पट्टा फिरवणाऱ्यालाच लागतो. एकाने अनेकांचा घेरा रोखून धरण्यासाठी इतके योजनापूर्वक घडवलेले शस्त्र फार थोडे असेल. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, ही आपल्या सर्वांच्या समाधानाची गोष्ट आहे.

आता पहिला आक्षेप : रिकाम्या हाताचे युद्ध यात नाही. हा आक्षेप इतिहास न पाहता घेतला जातो. अग्निपुराणातील धनुर्वेदाच्या अध्यायांत युद्धप्रकारांची जी वर्गवारी आहे तिच्यात यंत्राने सोडायची शस्त्रे, हाताने फेकायची शस्त्रे, सोडून पुन्हा आवरून घ्यायची शस्त्रे, हातातच धरायची शस्त्रे आणि शेवटी बाहुयुद्ध असे पाच भाग केलेले आहेत. तिथे धनुष्याचे युद्ध श्रेष्ठ, प्रासाचे मध्यम, खड्गाचे त्याहून खालचे आणि बाहूंचे सर्वांत खालचे मानले आहे. आपल्या पूर्वजांना मुष्टियुद्ध ठाऊक नव्हते असे नाही. शत्रू जितका दूर असताना आवरता येईल तितके बरे, एवढा साधा व्यवहार त्या क्रमवारीमागे आहे. केरळातील कळरीपयट्टूतही आधी शरीर, मग काठी, मग धातूची शस्त्रे आणि रिकाम्या हाताची विद्या अखेरीस, असा क्रम परंपरेने चालत आला आहे. निःशस्त्र माणसाने सशस्त्राला रोखणे ही सर्वांत अवघड गोष्ट, म्हणून ती शेवटी. आपल्याकडेही बिनोट आणि बंदेश हे प्रकार होतेच. बंदेशात तर समोरच्याचा जीव न घेता त्याचे शस्त्र हिसकावून घेण्याचे कौशल्य शिकवले जाई. बडोद्याहून दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चे खंड ज्यांनी चाळले असतील त्यांना हे नवीन नाही. आपल्या शिक्षकांपैकी किती जणांनी ते चाळले आहेत, हा प्रश्न मी इथे विचारत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मर्दानी खेळ ही स्वतंत्र, एकटी विद्या म्हणून कधी नांदलीच नाही. ती तालमीत नांदली. त्याच छपराखाली लाल मातीचा हौदा होता, तिथे कुस्ती होती. उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी पुनरुज्जीवित केलेला मल्लखांब होता, आणि तोही मुळात मल्लाच्या पकडीसाठी, मांड्यांच्या बळासाठी होता. पडल्यावर काय करायचे, हे हौद्यात शिकायचे. शरीर पेलायचे कसे, हे मल्लखांबावर. आणि हाती शस्त्र आले की काय करायचे, हे पटांगणात. पुढे स्पर्धा आल्या, संघटना आल्या, प्रत्येक प्रकाराचा वेगळा गणवेश आणि वेगळा पदाधिकारी आला. कुस्तीगीर लाठीला हात लावीनासा झाला आणि लाठीवाला हौद्यात उतरेनासा झाला. आपणच तालमीची वाटणी केली आणि आता एकेका वाटेकऱ्याला विचारतो आहोत, की बाबा, तू पूर्ण का नाहीस?

प्रतापगडाच्या पायथ्याचा १० नोव्हेंबर १६५९ चा प्रसंग आपण मुलांना नेहमी सांगतो. तो शिक्षकाच्या दृष्टीने पुन्हा पाहावा. खानाने आलिंगनाच्या निमित्ताने मिठी घातली, म्हणजे अंतर शून्य झाले. तिथे लांब शस्त्राचा उपयोग नव्हता. सभासदाच्या बखरीत वाघनख आणि बिचवा या दोहोंचा उल्लेख येतो, आणि ही दोन्ही शस्त्रे त्या शून्य अंतराचीच आहेत. काही क्षणांत मिठी सुटली, अंतर वाढले आणि सय्यद बंडा शस्त्र उगारून धावला. ते अंतर तलवारीचे होते, आणि तिथे जिवा महाला उभा होता. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण आपण सहज बोलून जातो, पण तिच्यात एक पूर्ण युद्धशास्त्र आहे. अंगात चिलखत, डोक्याला जिरेटोप, हातात लपणारे शस्त्र, सोबत निवडलेला माणूस, जंगलात पेरलेले सैन्य. पूर्णता एका शस्त्रात किंवा एका शैलीत नव्हती. कोणाशी, कुठे आणि किती अंतरावर गाठ पडणार आहे याचा जो विचार आधी झाला होता, त्यात ती होती.

इथपर्यंत बोलले की अभिमानी मंडळी टाळ्या वाजवतात. त्यांना माझी विनंती आहे की थोडे थांबावे, कारण खरे न्यून पुढेच आहे.

आज मर्दानी खेळाचे प्रात्यक्षिक आपण कुठे पाहतो? शिवजयंतीला, विसर्जन मिरवणुकीत, एखाद्या संमेलनाच्या उद्घाटनाला. लाठीची दोन्ही टोके पेटवून चक्रे काढली जातात. पट्ट्याने जमिनीवरचे लिंबू चिरले जाते, डोक्यावरचा नारळ फोडला जातो. हे कौशल्य सामान्य नाही. ज्याने ते केले आहे त्याच्या वर्षावर्षांच्या मेहनतीला नमस्कारच केला पाहिजे. पण लिंबू जागचे हलत नाही. नारळ मागे सरकत नाही, हूल देत नाही, उलट वार करत नाही. शिकणाऱ्याच्या समोरून प्रतिस्पर्धी नाहीसा झाला आहे, आणि मर्दानी खेळात आज जर काही उणे असेल तर ते हेच आहे. डाव भरपूर आहेत. आपला डाव हाणून पाडायला उत्सुक असलेला माणूस समोर नाही.

हे न्यून परंपरेचे नाही, हे मुद्दाम सांगतो. परंपरेने त्याची उत्तम सोय केली होती. फरी-गदगा म्हणजे काय? हातात लहान ढाल आणि चामड्याने मढवलेली काठी. चामड्याने मढवलेली कशासाठी? समोरच्याला खरोखर मारता यावे आणि तरी त्याचे हाड मोडू नये, यासाठी. बोथाटी म्हणजे काय? भाल्याचे फाळ काढून टोकाला कापडाचा बोळा बसवायचा, तो रंगात बुडवायचा आणि घोडेस्वारांनी एकमेकांवर चालून जायचे. कोणाचा वार बसला हे अंगावरचा रंगाचा ठिपका सांगणार! वस्तादाची मर्जी, प्रेक्षकांच्या टाळ्या, घराण्याचे नाव, कशाचाही तिथे उपयोग नाही. ठिपका आहे किंवा नाही. आपल्या पूर्वजांनी सरावासाठी इतकी निःपक्षपाती कसोटी शोधून ठेवली होती.

मग ती गेली कुठे? १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदुस्थानचे निःशस्त्रीकरण केले आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. शस्त्र धारण करणेच गुन्हा ठरल्यावर शस्त्रविद्येला 'खेळ' आणि 'प्रात्यक्षिक' या रूपातच जगता येणार होते. त्या कठीण काळात ज्या वस्तादांनी तिला निदान त्या रूपात जगवले त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु जी गोष्ट जीव वाचवण्यासाठी पांघरलेले वेषांतर होती, तिलाच आपण स्वातंत्र्यानंतर मूळ रूप समजून बसलो. १९४७ नंतर फरी-गदगा पुन्हा दोघांनी समोरासमोर खेळायला आपल्याला कोणी मनाई केली होती?

पंजाबने हे केले. तिथला गतका आणि आपला गदगा हे नावानेही सख्खे भाऊ. त्यांच्या छोट्या ढालीलाही फरीच म्हणतात. निहंगांच्या जथ्यांतील शस्त्रप्रदर्शन त्यांनी सोडलेले नाही, ते आजही डोळे दिपवते. पण त्याबरोबर त्यांनी काठी आणि फरी घेऊन दोघांनी खेळायच्या लढतीचे नियम बसवले, गुण ठरवले, पंच तयार केले. २०२२ च्या जून महिन्यात पंचकुला येथे 'खेलो इंडिया' युवा स्पर्धा झाल्या तेव्हा गतका, मणिपूरचे थांग-ता, केरळचे कळरीपयट्टू हे स्पर्धेचे खेळ म्हणून तिथे उतरले. महाराष्ट्राचा म्हणून मल्लखांबही होता, आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. मर्दानी खेळ मात्र नव्हता. याचा दोष आपण नेहमीप्रमाणे दिल्लीला देऊ शकतो. पण देशभर ज्यावर एकमत होईल असा लढतीचा नियमग्रंथ आपण तयार केला होता काय, हेही स्वतःला विचारले पाहिजे.

जपानचे उदाहरण इथे सांगणे आवश्यक आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोडोकानची स्थापना केली. जुन्या जुजुत्सूच्या अनेक शाखा त्यांनी अभ्यासल्या होत्या. त्यांतील जे डाव पूर्ण ताकदीनिशी मित्रावर करता येत नाहीत ते त्यांनी मुक्त सरावातून बाजूला काढले आणि जे करता येतात त्यांचा रोज, खऱ्याखुऱ्या प्रतिकाराविरुद्ध सराव सुरू केला. कागदावर पाहिले तर ज्युदो हे जुजुत्सूपेक्षा 'अपूर्ण' होते, कारण त्यात घातक प्रहारांना लढतीत जागाच नव्हती. पण दहा डाव विरोध करणाऱ्या माणसावर हजारदा केलेला विद्यार्थी, शंभर डाव हवेत केलेल्या विद्यार्थ्यापेक्षा सरस ठरतो. कोडोकानचे एक शिष्य मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला गेले. त्यांची विद्या तिथल्या ग्रेसी घराण्यात रुजली, आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर शहरात निरनिराळ्या शैलींच्या योद्ध्यांची लढत झाली तेव्हा अंगाने बेताचा असलेला रॉइस ग्रेसी धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांना जमिनीवर नेऊन शरण आणत राहिला. आपापली शैली स्वयंपूर्ण आहे असे मानणाऱ्या कितीतरी शिक्षकांनी दुसऱ्या दिवसापासून जमिनीवरचे डाव शिकायला घेतले. अर्थात समोर दोघे असतील किंवा एकाच्या हातात सुरा असेल, तर जमिनीवर लोळणारा काय करणार, हा प्रश्न त्या शैलीलाही सुटलेला नाही.

आणि इतके दूर तरी कशाला जायचे? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव घ्या. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लाल मातीत वाढलेला हा मल्ल मॅटवरच्या आंतरराष्ट्रीय नियमांना सामोरा गेला आणि सहावा आला. त्यांनी 'आमची कुस्ती पूर्णच आहे, तुमचे नियम चुकीचे' असे म्हटले नाही, आणि 'आमच्या कुस्तीत काही अर्थ नाही' असे म्हणून ती टाकूनही दिली नाही. काय कमी पडले ते पाहून ते भरून काढले. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुस्तीला हे शक्य झाले, कारण तिने रोजच्या हौद्यातून प्रतिस्पर्धी कधीच हद्दपार केला नव्हता. कुस्तीत खोटे चालत नाही. पाठ मातीला लागली की सारे गाव पाहते.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या वर्गांत दंड आणि नियुद्ध शिकवले जाते. शेकडो स्वयंसेवक एका आज्ञेवर एका लयीत प्रहार करतात ते दृश्य पाहून कोणाचेही मन भरून येते. त्या क्रमिकांमुळे अनुशासन येते, शरीर आज्ञेत राहते, शेजाऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळते. समूह घडवण्याचे ते काम मी थोडेही कमी लेखत नाही. परंतु समारोपाच्या प्रात्यक्षिकासाठी बसवलेली क्रमिका म्हणजे लढणे नव्हे, हे निदान आपण शिक्षकांनी विसरू नये. मला तर अनेकदा वाटते की अंतर, हूल, श्वास आणि धाडस यांचे खरे शिक्षण आपल्या मुलांना संध्याकाळच्या कबड्डीत अधिक मिळते. तिथे समोरचे सात जण आपल्याला पकडायलाच टपलेले असतात ना!

सर्वांत गंभीर प्रश्न मुलींच्या शिबिरांचा आहे. १९३६ मध्ये वर्ध्याला लक्ष्मीबाई केळकर यांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली तेव्हा स्त्रीने स्वसंरक्षणक्षम व्हावे हा विचार त्यामागे होता, आणि त्यासाठी नित्य शाखेची, म्हणजे रोजच्या सरावाची योजना होती. आज अनेक ठिकाणी सात दिवसांचे 'स्वसंरक्षण शिबिर' होते, शेवटच्या दिवशी मुली कौले फोडतात, प्रमाणपत्रे वाटली जातात, वृत्तपत्रात 'रणरागिणी सज्ज' असा मथळा येतो. ती पंधरा वर्षांची मुलगी ज्या मैत्रिणीचा हात सात दिवस पिरगाळत होती, ती मैत्रीण तिला हात पिरगाळू देत होती. प्रत्यक्ष प्रसंगी समोरचा तिच्या दुप्पट वजनाचा असेल आणि तो हात देणार नाही. अशा मुलीला आपण 'तू आता समर्थ आहेस' असे सांगून पाठवले तर आपण तिला बळ दिले नाही, धोका दिला. तिला सांगायचे ते हे, की आधी धोका ओळख, ओरड, निसटून जा. लढण्याची वेळ आली तर एकच गोष्ट सर्व शक्तीनिशी कर आणि निघ. तिला कायदाही सांगितला पाहिजे. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे आत्मसंरक्षणाच्या अधिकाराची आहेत; तो अधिकार कुठे सुरू होतो आणि आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्यापर्यंत तो का पोहोचत नाही, हे आपल्या एकाही शिबिराच्या पत्रिकेत मला आढळले नाही.

यावर ज्येष्ठ वस्तादांचा एक आक्षेप असतो आणि तो मला मोलाचा वाटतो. ते म्हणतात, गुणांचा खेळ केला की कला मरते. गुण मिळवण्यासाठी मुले काठीचे टोक नुसते टेकवतील, खरा वार करायला विसरतील, पवित्रा बिघडेल. हे घडते, इतर देशांतील विद्यांच्या बाबतीत घडलेले आहे. म्हणून सगळेच लढतीत ओढू नये असे माझे मत आहे. दांडपट्टा, विटा, माडू ही शस्त्रे गुणांच्या चौकटीत बसणार नाहीत आणि बसवूही नयेत. ती वस्तादाकडून शिष्याकडे, जशी आली तशीच जावीत. लाठी आणि फरी-गदगा मात्र लढतीत उतरलेच पाहिजेत. निवृत्त वस्तादांनीच पंच व्हावे. पवित्रा नसलेला, नुसता टेकवलेला वार त्यांनी मोजूच नये. नियम आपण केले नाहीत तर ते दुसरे कोणी करील, आणि मग तक्रार करत बसावे लागेल.

इजेचे काय, असेही विचारले जाते. डोक्याला जाळीचा टोप, हातमोजे, छातीला गादी आणि चामड्याने मढवलेला गदगा एवढ्यावर सुरुवात होते. चामडे न मिळाल्यास वेताच्या काठीवर जाड फोम आणि कापड गुंडाळून चालते. चौदा वर्षांखालच्या मुलांना डोक्यावरचा वार पूर्ण वर्ज्य ठेवावा. उद्या सकाळच्या सत्रात आपण अशा सहा जोड्या मैदानात उतरवणार आहोत. दोन मिनिटांची एक लढत, टोकाला ओल्या खडूची भुकटी, अंगात काळा सदरा. ज्या शिक्षकांचे गुडघे अजून साथ देतात त्यांनी पहिल्या फेरीसाठी आपली नावे आज रात्री भोजनापूर्वी नोंदवावीत.